सातवं घर

"पेट वगैरे काही नाही ना, मॅडम?"

हा प्रश्न एजंट नेहमी शेवटी विचारतात. आधी आडनाव, मग नोकरी, मग "एकट्याच राहणार?", मग व्हेज की नॉनव्हेज, आणि किल्ली खिशात टाकता टाकता हे. सिंहगड रोडच्या त्या घरासाठी मी फोनवर "नाही हो" म्हणाले, तेव्हा नाचणी माझ्या मांडीवर झोपली होती. ती मध्येच ओरडली तर काय सांगायचं, तेही मी ठरवून ठेवलं होतं: शेजाऱ्यांचं आहे. ती ओरडली नाही. प्रसंग कळतो मांजरांना, असं लोक म्हणतात. मला वाटतं, तिला फक्त झोप आली होती.

नाचणी म्हणजे माझं मांजर. नाचणीच्या आंबिलाला असतो तसा रंग, पोटाखाली पांढरी आणि डाव्या कानाला एक लहानशी चीर, कुठल्यातरी भांडणातली. कर्वेनगरमधल्या पहिल्या घरात ती आपणहून आली. बंगल्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या, वर मालकीणबाई राहायच्या. त्यांना सगळे आजीच म्हणत. पावसाळ्यात एक मांजरीण तीन पिल्लं घेऊन माझ्या बाथरूमच्या माळ्यावर आली, आठवड्याभराने दोन पिल्लं घेऊन गेली आणि तिसरं विसरली. की मुद्दाम ठेवलं, कोण जाणे. मी आजींना विचारायला वर गेले, तर त्या म्हणाल्या, "मला काय विचारतेस? त्याला विचार, राहायचंय का." झाली परवानगी. करार नव्हता, अट नव्हती. महिन्याचं भाडं पाकिटात घालून द्यायचं आणि परतताना वाटीभर सायीचं दही घेऊन यायचं, एवढाच व्यवहार.

मांजरीण पिल्लांना सात घरं दाखवते, असं आपल्याकडे म्हणतात. कोणी मोजली असतील असं नाही. वास लागला, बोका फिरकू लागला, माणसं फार डोकावू लागली, की ती पिल्लाची मानगूट धरते आणि जागा बदलते. नाचणीच्या आईने तिला एकच घर दाखवलं. उरलेली दाखवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते इमानेइतबारे केलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं. माझं छोट्या टेम्पोत असायचं, आणि नाचणी पुढच्या सीटवर, माझ्या मांडीवर, भाजीच्या प्लास्टिकच्या टोपलीत. वर दुसरी टोपली उपडी घालून सुतळीने बांधलेली. टेम्पोवाले कधी काही म्हणाले नाहीत. एकाने तर तिला ऊन लागतंय म्हणून काचेला टॉवेल लावला होता.

माझे आजोबा नारायण पेठेतल्या एका वाड्यात बेचाळीस वर्षं भाडेकरू होते. दोन खोल्या, सामाईक नळ, सामाईक संडास. मालक त्याच वाड्यात पुढच्या बाजूला राहायचे आणि त्यांचं न् भाडेकरूंचं कशावरून म्हणून पटत नसे. नळाची वेळ, जिन्यातला दिवा, अंगणात कोणी किती पापड वाळत घालायचे, सगळ्यावर भांडणं. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं गोठवलेलं, भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे मालकाचा राग जिरायला जागाच नव्हती. तरीही मला आठवतंय तेवढ्यात मांजरावरून भांडण झालेलं नाही. वाड्यात पाच-सहा मांजरं कायम असायची. ती कोणाची, हा प्रश्न कोणी विचारत नसे. आमच्याकडे दूध प्यायची, मालकांच्या कोठीत उंदीर मारायची, आणि बाळंतपण तिसऱ्याच कोणाच्या ट्रंकेमागे. आजी म्हणायची, "आमच्याकडे मांजर आहे." "आम्ही मांजर पाळलंय" असं ती कधीच म्हणाली नसती. गाय पाळतात. मांजर असतं.

आता 'असणं' चालत नाही. आता पाळावंच लागतं, आणि पाळलं की ते कोणाचं तरी होतं, आणि कोणाचं तरी झालं की त्याचा अर्ज भरावा लागतो. 'पाळीव प्राणी' हा शब्द शाळेच्या पुस्तकात राहिला. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर 'पेट' आला.

दुसरं घर वारज्यात. तिथे मी खरं सांगितलं. मालक मोकळेपणाने म्हणाले, "ठेवा हो, मांजर काय खातंय?" मी खूश. संध्याकाळी एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. ज्यांनी कधी हा सोहळा केला नसेल त्यांच्यासाठी सांगते: महाराष्ट्रात १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून घरभाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा असो की अकरा दिवसांचा. अकरा महिन्यांची रीत पडली ती त्याआधीची, १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे. त्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती, म्हणून लोक एक महिना कमी करायचे. आता पळवाट बुजली, तरी लोक त्याच वाटेने चालतात. तर, वेबकॅमेऱ्यासमोर बसायचं, आधार क्रमांक सांगायचा, अंगठा टेकवायचा. माझा अंगठा नेहमी तिसऱ्या खेपेला उमटतो. भांडी घासून रेषा गेल्यात, असं प्रत्येक एजंट म्हणतो. बायकांनाच म्हणतात की पुरुषांनाही, हे एकदा विचारायचं आहे.

अंगठा टेकवायच्या आधी मी करार वाचला. 'इतर अटी' या सदरात चौदावी अट होती: जागेत कोणताही पाळीव प्राणी ठेवता येणार नाही. मी मालकांकडे पाहिलं. मालकांनी एजंटकडे पाहिलं. एजंट म्हणाला, "ते स्टँडर्ड असतं मॅडम, सगळ्यांच्यात असतं." ही मला पुढे नीट कळलेली गोष्ट. बहुतेक वेळा ही अट मालकाने घातलेलीच नसते. मागच्या कोणाच्या तरी करारातून ती पुढच्यात चिकटून येते, तिथून त्याच्या पुढच्यात. कधीकाळी कोणा एका मालकाला कोणा एका कुत्र्याचा त्रास झाला असेल, त्याचं कर्ज आपण सगळे फेडतोय. मालक म्हणाले, "राहू दे, मी आहे ना." मी अंगठा टेकवला.

सात महिन्यांनी सेक्रेटरींनी हरकत घेतली, तेव्हा मालक फोनवर म्हणाले, "अहो, करारात तर लिहिलंय." त्यांचा आवाज पडलेला होता, हे मला मान्य आहे.

त्या करारात आणखी एक गंमत असते. त्याचं नाव 'लिव्ह अँड लायसन्स', आणि त्यात तुम्ही कायद्याने भाडेकरू नसताच. तुम्ही परवानाधारक असता. देता ते भाडं नाही, ती लायसन्स फी. आजोबांना कायद्याचं जे कवच होतं, ते तुम्हाला मुद्दामच दिलेलं नाही. मुदत संपल्यावर हलला नाहीत तर त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. आणि इकडे पुणे महापालिका म्हणते, घरातल्या कुत्र्याचा परवाना काढा. अलीकडे मांजरांचीही नोंदणी सुरू झाली आहे. म्हणजे एका परवानाधारकाच्या घरात दुसरा परवानाधारक राहू शकत नाही, एवढाच काय तो वाद. फरक इतकाच, की महापालिका नाचणीला अकरा महिन्यांनी घर सोड असं म्हणत नाही.

वारज्याचा हा अनुभव गाठीला होता म्हणून सिंहगड रोडला खोटं बोलले. हे समर्थन म्हणून सांगत नाही, आणि त्याचा अभिमान तर मुळीच नाही.

खोटं बोलून राहणं हे पूर्ण वेळेचं काम आहे. नाचणीच्या शी-शूचा ट्रे दिवाणाखाली. कचरा टाकायला सकाळी सहाला, कारण त्या पिशवीला एक विशिष्ट वजन असतं आणि वॉचमन हुशार असतात. मालक महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचे, म्हणून शनिवारी रात्री नाचणी टोपलीतून मैत्रिणीकडे पर्वतीला. घरात धूप, खिडक्या उघड्या, सोफ्यावरचे केस ओल्या रबरी हातमोज्याने काढलेले. (ही युक्ती खरंच चालते. ब्रश वगैरे विकत घेऊ नका.) घरं बघायला जायचे तेव्हाही मी एक प्रश्न हमखास विचारायची: बाल्कनीला जाळी आहे का? मांजर चौथ्या मजल्यावरून पडू नये म्हणून. एजंटला वाटायचं, मला कबुतरांचा त्रास होतो. पुण्यात आता जवळजवळ प्रत्येक बाल्कनीला ती हिरवी-काळी नायलॉनची जाळी असते. कबुतरांमुळे माझं मांजर कितीदा वाचलं असेल! कबुतरांना मात्र नाचणी अजून त्याच नजरेने बघते.

सात महिने असे गेले. मग समोरच्या इमारतीतल्या एका मुलीने आमच्या खिडकीत बसलेल्या नाचणीचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. कोणाची आहे ही, किती गोड, असं लिहून. खाली हृदयांची रांग. तिचा हेतू शंभर टक्के चांगला होता. त्या ग्रुपवर माझे मालकही होते.

ते आले तेव्हा रविवार नव्हता. नाचणी दारातच होती. ते आत आले, बसले, पाणी प्यायले. मला वाटलं होतं ते घाणीचं, वासाचं बोलतील, सोफा बघतील. मी तयारीही केली होती: नसबंदी झाली आहे, रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी देते, सोफ्याला एक दोरा निघालेला नाही. त्यांनी यातलं काही विचारलं नाही. म्हणाले, "मांजराचं काही नाही हो. तुम्ही मला माझ्या घरात बसवून सात महिने चहा पाजलात आणि खोटं बोललात." मग उठले. एक महिन्याची नोटीस.

याला उत्तर नाही. खरं सांगितलं असतं तर तुम्ही घर दिलं नसतं, हे उत्तर मनात होतं, पण ते माझ्या परिस्थितीचं उत्तर होतं, त्यांच्या बोलण्याचं नव्हतं. उत्तर 'नाही'च यावं अशा बेताने प्रश्न विचारला जातो, म्हणून भाडेकरू खोटं बोलायला शिकतो, आणि खोटं पकडलं की पुढच्या मालकाचा प्रश्न आणखी कडक होतो. त्याच यादीतल्या बाकीच्या प्रश्नांनाही माणसं अशीच उत्तरं देतात. कोणी आडनाव बदलून सांगतं, कोणी मासे भावाकडे जाऊन खातं. मी निदान मांजरच लपवत होते. हा विचार त्या महिन्यात मला वारंवार यायचा आणि मग माझी तक्रार जरा लहान व्हायची.

त्या महिन्यात सल्ले पुष्कळ मिळाले. सगळ्यात जास्त वेळा: "सोडून द्या ना कुठेतरी, मांजर कुठेही जगतं." मंडईत सोडा, मासळीबाजारात सोडा, आमच्या गावी गोठा आहे तिथे द्या. मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही, म्हणजे तिला फार वाटणारही नाही, असंही एकाने समजावलं. गावाकडे पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलेली मांजरं तिसऱ्या दिवशी चुलीपाशी हजर असल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. न परतलेल्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे, कलम ११. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. साठ साली पन्नास रुपये ही मोठी रक्कम होती. आज तेवढ्यात दोन-तीन वडापाव येतात आणि आकडा अजून तोच आहे.

मग मी कायद्याचं वाचायला बसले, जसे सगळेच अडचणीत आल्यावर बसतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना सापडल्या: सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रहिवासी संघटनांच्या अशा बंद्या बेकायदा ठरवल्याचं कळलं. अडिमलातुरा किनाऱ्यावर ब्रुनो नावाच्या कुत्र्याला मारून टाकलं, त्या प्रकरणातून निघालेली ती सुनावणी. हे सगळं वाचून मला दोन दिवस बळ आलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की हे सोसायटीला बांधतं, मालकाच्या मर्जीला नाही. ज्याचा स्वतःचा फ्लॅट आहे तो हा कागद सेक्रेटरीच्या तोंडावर टाकू शकतो. माझ्या मालकाला कारणसुद्धा द्यायची गरज नाही. अकरा महिने संपले की तो नवा करार करत नाही, बस.

माझी मावसबहीण जर्मनीत राहते. तिला हे सांगितलं तर ती हसलीच. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय की भाडेकरारातली कुत्र्या-मांजरांवरची सरसकट बंदी टिकत नाही, प्रत्येक प्रकरण वेगळं तपासा. फ्रान्समध्ये १९७० च्या कायद्यापासून अशी अट लिहिली तरी ती लिहिलेलीच नाही असं धरतात. मात्र प्राण्याने केलेलं नुकसान आणि शेजाऱ्यांचा त्रास भाडेकरूनेच निस्तरायचा. मला हे शेवटचं फार पटलं. जनावर आहे का, याऐवजी जनावराने काय केलं, हे विचारा. आपल्याकडे मात्र डिपॉझिट मालकाच्या हातात असतं आणि तरी बंदी असते.

चौथं घर धायरीत. तिथे मांजर चाललं, पाणी चाललं नाही. पाचव्यात खरं सांगून राहिले आणि तीन वर्षं सुखाने गेली, मग मालकांचा मुलगा परत आला. सहाव्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सातव्यासाठी मी एजंटला पहिल्या वाक्यात सांगितलं, "मांजर आहे. चालणार नसेल तर घर दाखवूच नका." त्याने अकरा घरांची यादी फोनवरच एका घरावर आणली. कोथरूडला, जुनी तीन मजली इमारत, लिफ्ट नाही. मालक निवृत्त शिक्षक, खालच्याच मजल्यावर राहतात. त्यांनी मला आधी हॉल दाखवला नाही, स्वयंपाकघर दाखवलं नाही. सरळ बेडरूमच्या दारापाशी नेलं आणि दार लावून म्हणाले, "हे बघा."

दाराच्या आतल्या बाजूला खालपासून हँडलपर्यंत ओरखडे होते. सनमायका सोलून निघालेला, आतला प्लायवूड दिसत होता, आणि एके ठिकाणी तोही खोलगट झालेला. आधीच्या भाडेकरूंचा लॅब्रॅडोर. दोघं नवराबायको सकाळी नऊला जायचे, रात्री नऊला यायचे. बारा तास कुत्रं त्या खोलीत. "भुंकायचा सुरुवातीला," काका म्हणाले. "मग भुंकायचा थांबला. मग नुसता हा आवाज यायचा. मी खाली झोपायचो दुपारी, डोक्यावर हा आवाज." त्यांनी नखाने दार खरवडून दाखवलं. "दार बदलायला सुतार चार हजार मागतोय. ते ठीक आहे. पण मी बदललं नाही अजून."

त्या दारावरून मी हात फिरवला. इतकी वर्षं ज्या मालकांना मी मनातल्या मनात खडूस म्हणत होते, त्यांच्यातल्या काहींच्या घरात असं दार असेल, हे मी कधी धरलंच नव्हतं.

काकांनी मग प्रश्न विचारले. दिवसभर घरी कोण असतं? (मी. मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते.) ऑपरेशन झालंय का? इंजेक्शनं? शी-शूची व्यवस्था कुठे? गावाला गेलात तर कोण बघणार? आडनावावरून गाव विचारलं नाही, खाण्याचं विचारलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मांजराबद्दल मांजराचे प्रश्न विचारले. शेवटी म्हणाले, "डिपॉझिट दहा हजार जास्त घेईन. दार-खिडकी फाडली तर त्यातून. नाही फाडलं तर सगळे परत." मला ते योग्यच वाटलं. आणि मग, "जे काय आहे ते लिहून घेऊ. तोंडी नको." वारज्याचा किस्सा मी त्यांना सांगितलेला नव्हता.

रविवारी एजंट मशीन घेऊन आला. 'इतर अटी' उघडल्या, चौदावी अट तिथे होतीच, आपल्या जागी. काका म्हणाले, ही काढा आणि लिहा, एक मांजर ठेवायला परवानगी आहे. एजंटने डोकं खाजवलं. असा कॉलम नाही म्हणाला. मग अट खोडून त्याच ओळीत टाइप करायला लागला. काका म्हणाले, नाव लिहा, रंग लिहा, वय लिहा, नाहीतर उद्या या आणखी चार आणतील आणि म्हणतील हीच ती. मी म्हटलं, लिहा. नाव नाचणी. रंग तपकिरी-करडा, पोट पांढरं. डावा कान चिरलेला.

"वय?"

"अकरा," मी म्हटलं.

त्याने टाइप केलं आणि वाचून बघा म्हणून लॅपटॉप आमच्याकडे वळवला. नाव, रंग, कान, सगळं बरोबर होतं. शेवटी लिहिलं होतं: वय अकरा महिने.

काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "वर्षं करा तिथे."